रात्रीच्या लीकेजसाठी कापडी डायपर आणि हेम्पचं पॅड: वापरून बघून लिहितेय

ज्यांचं पोरगं पहाटे बनियनपर्यंत ओलं होऊन रडत उठतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. पीयूएलचं (पाणी बाहेर न सोडणाऱ्या कापडाचं) कव्हर असलेला कापडी डायपर, आत एक मायक्रोफायबरचं पॅड आणि त्याच्याखाली एक हेम्पचं, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं, ही जोडी फक्त रात्रीसाठी. माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क पावसाळ्याने खाल्ला, ते पुढे लिहिते. ब्रँड म्हणाल तर सुपरबॉटम्स, बम्पाडम असे आपल्याकडचे बरेच आहेत आणि रचना साधारण सारखीच असते, त्यामुळे मी या प्रकाराबद्दलच लिहितेय, एका कंपनीबद्दल नाही.

आमचा मुलगा दोन वर्षांचा, साडेबारा किलोचा, आणि पालथा झोपतो. पालथं झोपणाऱ्या मुलांचं, त्यातून मुलगा असेल तर, लीकेज पोटाकडूनच होतं. सकाळी नेहमीचा वापरून फेकायचा डायपर काढून बघा, पुढे गच्च फुगलेला असतो आणि मागे कोरडा ठाक. म्हणजे डायपर भरलेला नसतोच, शू सगळी एकाच जागी जाते आणि तिथलं शू शोषणारं जेल तेवढ्या वेगात ओढू शकत नाही, वरून पोराच्या अंगाचं वजन, मग ते कमरेतून बाहेर येणारच. दिवसा मूल हिंडतं फिरतं, थोडी थोडी शू करतं, म्हणून तोच डायपर दिवसा काही कुरकुर करत नाही.

काहीही विकत घ्यायच्या आधी फुकटातले उपाय करून बघा खरंच. एक म्हणजे साइज. बहुतेक पॅन्ट डायपरवर लार्ज ९ ते १४ किलो आणि एक्सएल १२ ते १७ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे १२ ते १४ किलोचं मूल दोन्हीत बसतं, तर दिवसा लार्ज चालू दे पण रात्री एक्सएल घाला, त्यात शोषणारा भाग जास्त असतो. मांडीवर सकाळी लाल वळ दिसत असतील तर साइज लहान झालाच समजा. दुसरं, मांडीजवळची आतली झालर बोट फिरवून बाहेर काढायची, ती आत दुमडलेली राहिली तर कितीही महाग डायपर असू दे गळणार. आणि बनियन डायपरमध्ये खोचू नका, ते वातीसारखं ओलावा वर खेचतं. काहींचं एवढ्यावरच भागतं. आमचं अर्धं भागलं, म्हणजे मांडीतून गळणं थांबलं पण पोटाकडचं नाही.

आता कापडी डायपर. बाहेरचं कव्हर पीयूएलचं, म्हणजे कापडाला आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो, पाणी बाहेर येत नाही पण जुन्या रबरी चड्डीसारखं कडकही नसतं. पुढे टिचबटणांच्या ओळी असतात, त्यावरून उंची आणि कंबर कमीजास्त करता येते. घेताना एकच गोष्ट नीट बघा, मांडीला इलॅस्टिक एकेरी आहे की दुहेरी. रात्रीसाठी दुहेरीच घ्या.

खरी जादू मात्र पॅडची आहे. मायक्रोफायबर पाणी पटकन ओढतं पण दाबलं की सोडून देतं, पालथ्या पोराखाली ते एकटं टिकत नाही. हेम्प सावकाश ओढतं पण धरून ठेवतं. म्हणून मायक्रोफायबर वर, हेम्प खाली, आणि हेम्पचं पॅड पुढच्या बाजूला दुमडून दुहेरी करायचं, जिथे आमच्याकडे सगळा पूर येतो तिथेच. मुलगी असेल तर हीच घडी मध्यावर, उताणं झोपणारं मूल असेल तर थोडी मागे. मायक्रोफायबर थेट त्वचेला लागू देऊ नका, कातडी कोरडी पडते, वर कापड हवंच. आणि नवीन हेम्प पॅड पहिल्या दिवशी वापरलं तर ते पाणी पितच नाही, धाग्यात नैसर्गिक तेल असतं, चार-पाच धुण्यांनंतर ते खरं कामाला लागतं. पहिल्याच रात्री गळलं म्हणून वाईट रिव्ह्यू देणारे बरेच दिसतात, त्यांनी प्लीज पॅड आधी धुऊन मग बघा.

रात्री साडेनऊला घातलं की सकाळी सातपर्यंत गादी कोरडी, आता हे रोजचंच झालंय. सकाळी पॅड हातात घेतलं की चांगलं वजनदार लागतं आणि अमोनियाचा वास येतो, तो येणारच. उठल्या उठल्या गार पाण्याखाली धरायचं आणि मग मशीनला. कम्फर्टबिम्फर्ट अजिबात टाकू नका, पॅडवर थर बसतो आणि शोषणं कमी होतं. झिंकवाल्या रॅश क्रीमचंही तेच, लावायचंच असेल तर वर जुन्या मलमलचा तुकडा ठेवा.

सासूबाईंना काळजी होती की एवढं जाड बांधलं तर पोराचे पाय फेंगडे होतील. आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले तसं काही होत नाही, मांड्या फाकलेल्या राहिल्या तर खुब्यांना उलट चांगलंच. तेव्हापासून सासूबाई स्वतःच जुन्या सुती साडीच्या घड्या करून देतात, एखाद्या रात्री पॅड वाळलं नसेल तर हेम्पच्या जागी ती घडी चालून जाते.

आता पावसाळा. आम्ही डोंबिवलीत राहतो, जुलैत हेम्पचं पॅड पंख्याखालीही दोन दोन दिवस दमट राहतं, आणि दमट पॅड घातलं तर वास आणि रॅश दोन्ही. तेवढे महिने आम्ही एक्सएल पॅन्ट डायपर आणि त्यावर पॅडशिवाय नुसतं हे पीयूएलचं कव्हर असं घालतो. गळलंच तर कव्हरमध्ये अडकतं, गादीपर्यंत जात नाही. फक्त गरम होतं, त्यामुळे उन्हाळ्यात हे करू नका.

गादीवर ड्राय शीट, त्यावर चादर, त्यावर परत ड्राय शीट आणि चादर असं दोनदा अंथरून ठेवलं तर रात्री वरचा थर नुसता ओढून काढता येतो, झोपलेल्या पोराला फार हलवावं लागत नाही. पाणी तोडून लीकेज थांबवायला जाऊ नका, दिवसभर भरपूर पाजा, झोपायच्या तोंडावरचं दूध फक्त थोडं आधी सरकवा. आणि अचानक खूप तहान, खूप शू आणि वजन उतरणं असं एकत्र दिसलं तर तो डायपरचा प्रश्न नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि साखर तपासा.

पॅडसकट एक डायपर साधारण ६०० ते १००० रुपयांच्या आसपास पडतो. ऑफर बघून सहाचा सेट लगेच घेऊ नका. आधी एकच डायपर आणि हेम्पची दोन जादा पॅड घ्या, तुमच्या पोराच्या मांडीला इलॅस्टिक नीट बसतंय का बघा, मग बाकीचे मागवा.