नवा आठ नंबरचा फ्लाय रॉड, मामांचा जुना फायबरग्लास आणि मुंबईची खाडी

मागच्या वर्षी गणपती गेल्यावर मी नऊ फुटी, आठ नंबरचा (नंबर म्हणजे त्याला लागणाऱ्या लाइनचं वजन), चार तुकड्यांचा ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन तंतूंचा, फ्लाय रॉड घेतला, मासे धरायची काठी. आता आंबे संपत आलेत. एवढ्या काळात तो गोराई-मनोरीच्या खाडीत, मार्व्याला, वांद्र्याच्या कातळांवर आणि अधूनमधून अलिबागकडे भरपूर फिरला. घेण्याआधी व्हिडिओंमध्ये जे ऐकलं होतं, त्यातलं निम्मं आपल्या पाण्याला लागूच पडत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. या किमतीतले चार-पाच रॉड डोळे झाकून हातात दिले तर मला तरी ओळखता येणार नाहीत, आणि मला सांगायचंय ते रॉडच्या पिढ्यांबद्दल.

पिढ्यांबद्दल बोलायला माझ्याकडे थोडं सामान आहे. मामा मर्चंट नेव्हीत होते. सत्तरच्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरावरून फेनविक कंपनीचा तपकिरी फायबरग्लास रॉड आणला होता, तो माझ्याकडे आहे; पुढे त्याला नुसतं ग्लास म्हणतो. दुसरा एका मित्राकडून घेतलेला, नव्वदच्या दशकातला, दोन तुकड्यांचा आयएम-६ (ग्रॅफाइटचा एक प्रकार). आणि तिसरा हा नवा. तिन्ही आठ नंबरचे, म्हणून तुलना करायला सोपे.

ज्यांनी फक्त स्पिनिंग केलंय किंवा जेट्टीवर बसून गरवलंय त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पिनिंगमध्ये वजन ल्युअरमध्ये, म्हणजे खोट्या आमिषात, असतं आणि ते जाताना बारीक दोरी ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळाला पिसं-दोरे बांधून केलेलं आमिष, तिला वजन जवळपास नसतंच. वजन लाइनमध्ये, म्हणजे जाड दोरीत, असतं आणि रॉडने लाइन फेकायची, तिच्यामागे फ्लाय जाते. त्यामुळे रॉड किती वाकतो आणि वाकल्यावर किती लवकर सरळ होऊन थांबतो, यावर सगळं अवलंबून. मनोरीला जेट्टीवर एक तात्या कायम गरी टाकून बसलेले असतात. माझे पुढेमागे चाललेले हात पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रे, दोरी वाळत घालतोस का?"

मुंबईत माशाच्या आधी वाऱ्याचा विचार करावा लागतो. शाळेत पाठ केलेले खारे आणि मतलई वारे इथे अक्षरशः कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून येतो. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की तो पाठीवर, म्हणजे पुढचा कास्ट (फेक) सुखाचा, पण मागचा कास्ट वाऱ्यात घुसवावा लागतो. उन्हं चढली की खारा वारा सुरू होतो आणि सगळं उलटं. मामांच्या ग्लासने या दुपारच्या वाऱ्यात कास्ट केला तर लाइनचा लूप (हवेतला वळसा) मोठा उघडतो आणि फ्लाय पायापासून थोड्या अंतरावर लाइनच्या गुंत्यासकट पडते. नवा रॉड इथे पैसे वसूल करतो. लूप अरुंद राहतो, वाऱ्याखालून सरकतो, आणि डबल हॉल (पुढच्या-मागच्या दोन्ही कास्टला दुसऱ्या हाताने लाइन झटकन ओढणं) जमत असेल तर समोरच्या वाऱ्यातही साठ फूट निघतात.

कारण साधं आहे. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा साधारण तिप्पट ताठ, आणि वरून हलका. त्यामुळे तेवढ्याच ताकदीचा रॉड बारीक नळीत बसतो, टोकाला वजन उरत नाही आणि कास्ट थांबवल्यावर टोक थरथरत राहत नाही. ग्लासचं टोक थांबवल्यावरही दोन-तीनदा मान हलवतं, आणि तेवढ्या लाटा लाइनमध्ये उतरतात. अमेरिकेत १९७३ मध्ये फेनविकनेच एचएमजी नावाने ग्रॅफाइटचा फ्लाय रॉड बाजारात आणला. त्याआधी साठच्या दशकात ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये हे तंतू विमानांच्या कामासाठी तयार झाले होते. मासे धरणाऱ्यांच्या हाती ते मागाहून आले. मामा आणखी दोन-चार वर्षं थांबले असते तर माझ्याकडे कदाचित ग्रॅफाइटचा आला असता, पण सुरुवातीचे ग्रॅफाइट रॉड पटापट मोडायचे असं जुने लोक सांगतात, तेव्हा झालं ते बरंच झालं.

ग्लासच्या आधी दीर्घकाळ बांबूचं राज्य होतं. बांबूच्या चिरफळ्या त्रिकोणी तासून, सहा एकत्र चिकटवून षटकोनी काठी करायची. पेनसिल्व्हेनियातला बंदुका बनवणारा सॅम्युएल फिलिपी आणि नंतर मेनमधला हायरम लेनर्ड ही यातली मोठी नावं. पण हा बांबू सुरुवातीला आला कुठून? कलकत्त्याहून. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी रॉड 'कलकत्ता केन'चे असायचे. मग चीनच्या ग्वांगडोंगमधला जास्त सरळ आणि दाट तंतूंचा टोंकिन बांबू मिळू लागला आणि आपला मागे पडला. पुढे कोरियन युद्धात चीन उतरल्यावर १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि टोंकिनही थांबला. आर्थर हॉवल्डच्या पद्धतीने शेक्सपियर कंपनीने चाळीसच्या दशकाच्या शेवटी ग्लासचे 'वंडररॉड' काढले होतेच. बांबूची जागा त्यांना आयतीच मिळाली. म्हणजे मामांच्या हातात ग्लास यायला अंशतः माओही कारणीभूत. ग्लास खाऱ्या पाण्यात कुजत नाही, फुगत नाही. मुंबईत बांबूचा रॉड एक पावसाळा कपाटात ठेवून पाहा, मग हे पटेल.

आता नव्या रॉडची ती बाजू, जी विकणारे सांगत नाहीत. आपल्या खाडीचं पाणी गढूळ. उधाणाला तर चहाच. मासा फ्लाय लांबून पाहू शकत नाही, त्यामुळे तांब किंवा लहान जिताडा हवा असेल तर तिवरांच्या मुळांना चिकटून, पंचवीस-तीस फुटांत, पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. त्यात पाठीमागे तिवरं, म्हणजे मागच्या कास्टला जागाच नाही. रोल कास्टच करायचा, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडायची. आणि एवढ्या कमी अंतरावर नवा फास्ट (ताठ, टोकाकडेच वाकणारा) रॉड वाकतच नाही. बाहेर लाइन थोडी, तिचं वजन थोडं, रॉड ताठचा ताठ. ग्लासला मात्र वीस फूट लाइनही पुरते. तो मुठीपर्यंत वाकतो आणि रोल कास्ट आपसूक उलगडतो. गोराईला माझे बहुतेक तांब ग्लासवरच लागलेत, आणि नवा रॉड तेव्हा पाठीवरच्या ट्यूबमध्ये होता.

याला नंबरांचा घोळही कारणीभूत आहे. पूर्वी रेशमी लाइन जाडीवरून अक्षरांनी ओळखायचे. नायलॉन आणि पीव्हीसी आल्यावर जाडी सारखी पण वजन वेगळं होऊ लागलं, म्हणून १९६० च्या सुमारास अमेरिकेत वजनावर आधारलेले आकडे ठरले. पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण साडेतेरा ग्रॅम, तर ती आठ नंबरची लाइन. आकडा तोच राहिला, पण रॉड दर दशकाला ताठ होत गेले. म्हणून आता लाइनवालेही आठ नंबर लिहून त्यात गुपचूप अर्धा-एक नंबर जास्त वजन भरतात. मामांच्या ग्लासवर अशी लाइन लावली तर तो बिचारा वाकूनच राहतो. मी उलटं केलं: नव्या रॉडवर नऊ नंबरची, छोट्या जाड डोक्याची लाइन लावली. तिवरांच्या बाजूला आता तो सुसह्य आहे, ग्लासइतका गोड मात्र नाही.

लाइनवरून आठवलं, ट्रॉपिकल लिहिलेलीच घ्या. थंड पाण्याची लाइन आपल्या एप्रिलमध्ये मऊ पडते, गाइडला (रॉडवरच्या कड्यांना) चिकटते आणि दहा फूट अंतर सहज खाते. हे रॉडचं दुखणं समजून लोक रॉड बदलतात.

आयएम-६ बद्दल फार लिहीत नाही, कारण तो निमूटपणे सगळं करतो. वारा असो वा तिवरं, मध्यम अंतराला तो तिघांत सर्वात समजूतदार. त्याची एकच अडचण, दोन तुकडे. नऊ फुटी रॉडचा एक तुकडा साडेचार फूट. सकाळच्या विरार लोकलमध्ये साडेचार फुटी ट्यूब घेऊन चढून बघा, लोक काय काय म्हणतात. नव्याचा तुकडा सव्वादोन फूट, बॅकपॅकला अडकतो. पूर्वी चार तुकड्यांचे रॉड जोडांवर मेल्यासारखे वाटायचे, कारण प्रत्येक जोडात धातूची नळी असायची. फेनविकने साठच्या दशकात ग्लासमध्ये ग्लास बसवणारा फेरुल (तुकड्यांचा जोड) आणला आणि ती अडचण सुटत गेली. माझ्या मते मुंबईकरासाठी गेल्या पन्नास वर्षांतली सर्वात उपयोगी सुधारणा हीच आहे, कास्टचं अंतर नाही.

ट्यूबचा आणखी एक मुद्दा, आणि हा गंभीर आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, त्यातून वीज वाहते. स्टेशनवर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते आणि एवढ्या दाबाला स्पर्शाचीही गरज नसते. जोडलेला रॉड घेऊन प्लॅटफॉर्मवर किंवा रुळांजवळच्या पुलावर कुणी दिसलं तर ओरडून थांबवा. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले तर कातळावर उभं राहून रॉड उंच धरणं तितकंच वाईट. कोरडा ग्लास वीज वाहून नेत नाही, पण भिजलेल्याचा भरवसा नको.

तक्रारी. सर्वात मोठी: टोकाचा तुकडा मोडला. मी क्लाउझर मिनो नावाची फ्लाय वापरतो, तिला शिशाचे डोळे असतात. वाऱ्यात फ्लाय खाली आली आणि टोकाला टकदिशी लागली, पुढच्या एका माशावर नेमका तिथूनच रॉड गेला. ताठ ग्रॅफाइटची भिंत पातळ असते, एक टवका पुरतो. २०१० च्या आसपास थ्रीएमचं नॅनो-सिलिका रेझिन (तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ) लूमिस आणि हार्डी या कंपन्यांच्या महागड्या रॉडमध्ये आलं ते याच दुखण्यावर. माझ्यात ते नाही. हमी होती, पण टोक परदेशातून येईपर्यंत जवळपास सगळा हिवाळा गेला आणि भाडं, कस्टम मला भरावं लागलं. 'आजीवन' हमी वाचून रॉड घेणाऱ्यांनी, सुटा तुकडा भारतात कुणाकडे मिळतो ते आधी विचारावं. मामांच्या रॉडला कित्येकदा असाच मार बसलाय, त्याला काही झालेलं नाही.

दुसरी: रील सीटची (रील बसवायच्या जागेची) नट मिठाने जाम होते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं सगळे करतात, पण नट पूर्ण सोडवून आटे धुवा. पहिल्या स्ट्रिपिंग गाइडच्या (मुठीजवळच्या मोठ्या कडीच्या) पायाशी गंज दिसू लागलाय, वार्निशखालून तपकिरी रेघ येते. या किमतीला हे व्हायला नको होतं. कॉर्क मात्र उत्तम, अजून एकही खड्डा नाही.

घेणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर: वरळी, वांद्रे, अलिबाग असं उघड्यावर टाकणार असाल तर नवा फास्ट रॉड घ्या, आणि पैसे वाचवून चांगली लाइन घ्या. फक्त खाडी करणार असाल तर मीडियम-फास्ट शोधा. हल्ली नवे ग्लासचेही निघतात, तेही चालतील. जुना ग्रॅफाइट कुणी विकत असेल तर फेरुल नीट बघा: जोडून हलवल्यावर टक असा आवाज आला किंवा बाहेरच्या तुकड्याच्या कडेला उभी बारीक चीर दिसली तर कितीही स्वस्त असला तरी सोडा. आणि भरतीचं वेळापत्रक बघून ट्रायल मागा. दुकानाबाहेरच्या फूटपाथवर सगळेच रॉड छान वाटतात.