अ‍ॅन्सिबल : सर्व्हरवर मुक्काम न करणारे साधन

दहा-वीस लिनक्स सर्व्हर दोन-तीन माणसांनी सांभाळायचे असतील, तर त्या कामाच्या स्वयंचलनासाठी मी अ‍ॅन्सिबल सुचवतो. मात्र सुचवताना एक गोष्ट बजावून सांगतो. अ‍ॅन्सिबल सर्व्हरवर काम करते, पण सर्व्हरवर राहत नाही. त्याचे बहुतेक गुण आणि बरेचसे दोष याच एका निर्णयातून आलेले आहेत.

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले, तेव्हा पपेट आणि शेफ ही साधने बऱ्यापैकी रुळलेली होती. त्या दोन्हींची नेहमीची मांडणी म्हणजे एक मध्यवर्ती सर्व्हर, प्रत्येक यंत्रावर बसवलेला एजंट (तेथे कायम राहणारा सहायक प्रोग्रॅम) आणि त्यांनी एकमेकांना ओळखावे म्हणून प्रमाणपत्रे. अ‍ॅन्सिबलने हा सरंजामच काढून टाकला. प्रशासक ज्या एसएसएच या सुरक्षित जोडणीने एरवी सर्व्हरवर शिरतो, त्याच वाटेने ते जाते, एक लहानसा पायथन प्रोग्रॅम तेथे पाठवून चालवते, निकाल परत आणते आणि तात्पुरत्या फाइली पुसून टाकते. त्यामुळे नवे पोर्ट उघडावे लागत नाही, आणि फायरवॉल दुसऱ्या विभागाच्या ताब्यात असलेल्या कार्यालयांत हा फायदा कागदावर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा ठरतो.

कामाचे वर्णन यॅमल या साध्या मजकुरी स्वरूपातल्या प्लेबुकमध्ये लिहायचे असते. एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवलेले असावे, अमुक फाइल अमुक मजकुराची असावी, सेवा चालू असावी, अशी अपेक्षित स्थिती त्यात नोंदवली की ती आधीच तशी आहे का, हे प्रत्येक मॉड्यूल (एकेका प्रकारचे काम करणारा प्रोग्रॅम) तपासते आणि नसेल तरच हात लावते. नीट लिहिलेले प्लेबुक लगेच पुन्हा चालवले, तर ‘चेंज्ड’च्या रकान्यात शून्य दिसले पाहिजे. ही शिस्त शेल मॉड्यूल मात्र पाळत नाही, कारण दिलेली आज्ञा काय करणार हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. जुनी बॅश स्क्रिप्ट (ओळीने चालवायच्या आज्ञांची फाइल) तुकडे करून शेलच्या कामांत कोंबली, म्हणजे अ‍ॅन्सिबल वापरले असे होत नाही; ती फक्त अधिक हळू चालणारी बॅश स्क्रिप्ट असते.

यॅमल वाचायला जितके सोपे, तितकेच लिहिताना लहरी आहे. फाइल कोणी वाचावी नि लिहावी हे ठरवणारे, अष्टमान आकड्यांतले अधिकार अवतरणचिन्हांशिवाय आणि आरंभीच्या शून्याशिवाय नुसते ६४४ असे लिहिले, तर ती संख्या दशमान समजली जाते आणि फाइलीला अष्टमान १२०४ हे विचित्र अधिकार मिळतात: मालकाला लिहिता येते पण वाचता येत नाही, आणि परक्यांना वाचता येते. अधिकृत दस्तऐवजात याची सूचना आहे. तरीही इतकी घातक चूक साधनाने निमूटपणे चालवून घ्यावी, हे मला पटत नाही.

त्याहून गंभीर बाब हँडलरची आहे. एखादी संरचना-फाइल बदलली तरच सेवा पुन्हा सुरू करावी, यासाठी हँडलर असतो, आणि तो सहसा सगळी कामे संपल्यावर शेवटी चालतो. समजा, फाइल बदलली, हँडलरला सूचना गेली, आणि त्यानंतरचे एखादे काम त्या सर्व्हरवर फसले. मूळ व्यवस्थेनुसार त्या सर्व्हरवरचा हँडलर मग चालतच नाही. प्रशासक चूक दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवतो, तेव्हा फाइल आधीच बदललेली असल्यामुळे अ‍ॅन्सिबलला तेथे करण्यासारखे काही दिसत नाही, हँडलरला सूचना जात नाही, आणि सगळे निकाल हिरवे दिसत असताना सेवा जुन्याच संरचनेवर चालत राहते. यावर ‘फोर्स हँडलर्स’ हा पर्याय आहे, शिवाय कामांच्या मध्येच हँडलर चालवून घेण्याची सोयही आहे. पण दोन्ही मागून घ्यावे लागतात. नवख्या माणसाला प्रशिक्षण देताना पहिल्याच दिवशी हा प्रसंग मुद्दाम घडवून दाखवावा, असे माझे मत आहे.

याउलट, सुरक्षेसाठी दिलेल्या काही सोयी मनापासून दाद द्याव्यात अशा आहेत. चेक मोडमध्ये प्रत्यक्ष बदल न करता काय बदलले असते ते दिसते, आणि त्याला डिफची जोड दिली की कोणती ओळ जाणार नि कोणती येणार हेही कळते. मात्र पासवर्ड असलेल्या फाइलींचा मजकूरही त्यात पडद्यावर येऊ शकतो, म्हणून अशा कामांना निकाल झाकणारा ‘नो लॉग’ लावणे आवश्यक आहे. सुडोअर्ससारखी, म्हणजे सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) कोणी वापरावी हे ठरवणारी फाइल जागेवर ठेवण्यापूर्वी ती व्हिसुडो या तपासनीस प्रोग्रॅमकडून तपासून घेणारा ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय तर प्रत्येकाने वापरावा. तिथली एक चुकलेली ओळ सगळ्या यंत्रांवर एकदम पसरली, तर दुरुस्तीसाठी लागणारा सुडोच हातून जातो. ‘सीरियल’ वापरून आधी एका सर्व्हरवर, मग थोड्या-थोड्या सर्व्हरवर बदल नेता येतो.

वेगाच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नयेत. मुळात एका वेळी पाचच यंत्रांवर काम चालते, आणि प्रत्येक काम सगळ्या यंत्रांवर पूर्ण झाल्याशिवाय पुढचे सुरू होत नाही, म्हणजे सर्वांत मंद सर्व्हर सगळ्यांचा वेग ठरवतो. फोर्क्सची (एका वेळी हाताळायच्या यंत्रांची) संख्या वाढवणे, पाइपलायनिंग (फाइल न पाठवता जोडणीतूनच काम चालवणे) सुरू करणे आणि गरज नसेल तेथे यंत्राची माहिती गोळा करणे टाळणे, या तीन उपायांनी बराच फरक पडतो.

आता मुक्काम न करण्याची किंमत. पपेटचा एजंट मूळ मांडणीत दर ३० मिनिटांनी आपले यंत्र तपासतो आणि कोणी हाताने केलेला बदल पूर्ववत करतो. अ‍ॅन्सिबलला अशी राखण करता येत नाही. शेवटचे प्लेबुक चालल्यानंतर सर्व्हरवर काय घडले, हे त्याला पुढच्या वेळी तेथे जाईपर्यंत माहीत नसते. पूर्वी आपण काय बसवले होते, हेही ते लक्षात ठेवत नाही. प्लेबुकमधून एखाद्या पॅकेजचे काम वगळले, म्हणून ते पॅकेज सर्व्हरवरून जात नाही. ते नसावे असे वेगळे लिहावे लागते. शेकडो यंत्रे आणि त्यांवर हात चालवणारी अनेक माणसे असतील, तर मी पपेटचाच विचार करीन. लहान चमूने निदान रोज रात्री चेक मोडमध्ये प्लेबुक चालवून निघालेला फरक ई-मेलने मागवावा.

पैशांचा प्रश्न फारसा येत नाही. २०१५ मध्ये रेड हॅटने अ‍ॅन्सिबलची कंपनी विकत घेतली, तरी मूळ साधन जीपीएल परवान्याखाली मुक्तच आहे. वेबवरून चालवण्यासाठी एडब्ल्यूएक्सही मोफत मिळते. पण वीसेक सर्व्हरसाठी ते उभे करणे म्हणजे सांभाळायला आणखी एक यंत्रणा वाढवणे होय. प्लेबुक गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात ठेवली की पुरते.

बसवण्यापूर्वी आवृत्ती मात्र पाहून घ्यावी. अ‍ॅन्सिबलचा गाभा असलेल्या अ‍ॅन्सिबल-कोअरच्या २.१७ पासून व्यवस्थापित सर्व्हरवर पायथन ३.७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ चे स्वतःचे पायथन ३.६ आहे, आणि पॅकेज बसवणारे डीएनएफ मॉड्यूल त्याच पायथनशी बांधलेले असल्यामुळे शेजारी नवे पायथन बसवूनही ही अडचण सुटत नाही. असे सर्व्हर अजून सेवेत असतील, तर नियंत्रक यंत्रावर (जेथून अ‍ॅन्सिबल चालवतो तेथे) स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनची वेगळी जागा, करून त्यात २.१६ ही आवृत्ती पक्की करावी, आणि हे सर्व्हर निवृत्त होईपर्यंत ती पुढे सरकवू नये.