खिशातलं .३२ की .३८०? रोज बाळगून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. काही महिने .३८० एसीपीचं एक आणि .३२ एसीपीचं एक, अशी खिशात मावणारी दोन पिस्तुलं आलटून पालटून अंगावर बाळगली. (आकडा म्हणजे काडतुसाचं माप, ढोबळमानाने गोळीची इंचातली जाडी; एसीपी हा काडतुसाचा प्रकार.) आता रोज सोबत असतं ते .३२. ताकदीच्या हिशेबात ते उणं आहे हे मला ठाऊक आहे, आणि तरीही माझ्या हातात तेच जास्त उपयोगाचं आहे असं माझं ठाम मत झालं आहे. परवाना, शस्त्र झाकून बाळगण्याचे नियम, स्वसंरक्षणाचा कायदा आणि रीतसर प्रशिक्षण हे सगळं आधीच झालेलं आहे असं धरून पुढचं लिहिते आहे. त्यातलं काही राहिलं असेल तर पिस्तूल निवडायची वेळ अजून आलेली नाही.

माझ्या दोन्ही पिस्तुलांची नावं देत नाही. इथे लिहिलेलं त्या आकाराच्या बहुतेक पिस्तुलांना लागू पडतं, आणि एका नगाच्या खोडीवरून कंपनीला बोल लावणं मला पटत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर सगळ्यात हलकं पिस्तूल सगळ्यात चांगलं वाटतं. रेंजवर पहिलं मॅगझिन रिकामं होईपर्यंतच हे मत टिकतं. काडतूस तेच राहून पिस्तुलाचं वजन कमी झालं की झटका वाढतो, त्यातून सुटका नाही. २००८ साली आलेल्या रुगर एलसीपीने हा आकार घरोघरी नेला. रिकामं असताना ते जेमतेम पावणेतीनशे ग्रॅमचं. एवढ्याशा वजनात .३८० उडवलं की अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात फटका बसतो, ट्रिगर गार्डची, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्याची, कड बोटावर आपटते आणि मूठ अपुरी असल्यामुळे करंगळीला धरायला जागाच उरत नाही. माझ्या .३८० मध्ये हेच व्हायचं. पहिली गोळी नेमकी जागेवर जायची; दुसरीसाठी पकड नव्याने जुळवावी लागायची. सरावाच्या शेवटाकडे तर ट्रिगर दाबण्याआधीच मनगट आवळलं जायचं आणि गोळ्या खाली डावीकडे पडायच्या. झटक्याची वाट पाहणारा हात नेम बिघडवतो. एकदा ही सवय लागली की ती घालवायला फार वेळ जातो, म्हणून मी वेळीच थांबले.

.३२ घेतल्यावर पाच ते सात मीटरवर माझ्या गोळ्यांचा जुडगा पहिल्याच आठवड्यात निम्म्यावर आला. समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकाकडची नेम धरायची खूण, थोडी उचलली जाते आणि आपसूक परत खाली बसते. सलग दोन-तीन गोळ्या ताब्यात राहून मारता येतात. सराव संपला तरी हात दुखत नाही, त्यामुळे सराव टाळावासा वाटत नाही. माझ्या निवडीतलं सगळ्यात वजनदार कारण हेच.

आता आकडे, कारण ते लपवून चालणार नाही. .३२ एसीपीची नेहमीची गोळी ७१ ग्रेनची, म्हणजे ४.६ ग्रॅमची, आणि कारखान्याच्या आकड्यांनुसार तिची ऊर्जा सुमारे १७५ जूल. .३८० ची ९५ ग्रेनची गोळी २६० जूलच्या आसपास जाते. ९ मिलिमीटर पॅराबेलम साडेचारशेच्या वर. हे आकडे लांब नळीचे आहेत; खिशातल्या पिस्तुलाची नळी जेमतेम सात सेंटिमीटरची असते, तिथे ते आणखी खाली येतात. तेव्हा .३२ म्हणजे .३८० इतकंच, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मात्र या ताकदीच्या पिस्तुलात ऊर्जेपेक्षा जास्त महत्त्व गोळी पुरेशी खोल जाते की नाही याला आहे. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळ्यांच्या चाचण्या नव्याने बसवल्या. जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर खोली, हा मापदंड तिथूनच रूढ झाला. .३२ ची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली आणि लागल्यावर फुलणारी, गोळी या कसोटीला बहुधा उतरत नाही. फुलली तर उथळ राहते, आणि कपड्याने पोकळी बुजली तर फुलतच नाही. म्हणून मी पूर्ण धातूच्या आवरणाची साधी गोळी भरते, जिला फुल मेटल जॅकेट म्हणतात. ती फुलत नाही, पण खोल जाते. त्याचबरोबर ती आरपार जाऊ शकते, आणि लक्ष्याच्या मागे कोण आहे, काय आहे याची जबाबदारी त्या प्रमाणात वाढते. आपल्या हातून सुटलेली प्रत्येक गोळी शेवटी कुठे थांबते त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

साधी गोळी निवडण्याचं दुसरं कारण काडतुसाच्या घडणीत आहे, आणि .३२ घेणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जॉन ब्राउनिंगने हे काडतूस १८९९ च्या सुमारास बनवलं. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर येते. पूर्ण कडेचंही नाही आणि बिनकडेचंही नाही, असं मधलं. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे राहायला हवी. ती मागे सरकली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचं काडतूस पुढे जाऊच शकत नाही. याला रिमलॉक म्हणतात. हॉलो पॉइंट काडतुसं लांबीला एक-दोन मिलिमीटर आखूड असतात. ती मॅगझिनमध्ये पुढेमागे हलतात आणि कडा सरकायला जागा मिळते. पूर्ण लांबीची साधी गोळी भरली की ही जागाच राहत नाही. रिमलॉकची खरी डोकेदुखी ही, की नेहमीच्या पद्धतीने मॅगझिनला तळातून थाप मारून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढली तर तो सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढावं लागतं, आणि पुष्कळदा बारीक काडीने काडतुसं ढकलून मोकळी करावी लागतात. संकटाच्या वेळी ते शक्य नाही. म्हणून मॅगझिन भरताना मी प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवून, कड पुढे आहे ना हे डोळ्यांनी पाहूनच बसवते. घाईत कधीच भरत नाही.

.२५ एसीपीवर फार लिहिण्यासारखं नाही. नळी आखूड असेल तर ते ताकदीत .२२ च्या आसपासच असतं. बुडाच्या मध्यभागी असलेल्या प्रायमरमुळे, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या छोट्या टोपीमुळे, त्याचं काडतूस जास्त भरवशाने पेटतं, एवढीच त्याची जमेची बाजू. .२२ एलआर मात्र सरावासाठी उत्तम. झटका नावालाच, काडतुसं स्वस्त. पण त्यात पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत पसरलेला असतो, आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला असेलच याची खात्री नसते. फुसकं काडतूस निघण्याचं प्रमाण त्यात जास्त. ज्यांच्या बोटांत आणि मनगटात अजिबात जोर नाही त्यांनी .२२ जरूर घ्यावं, पण त्याच पिस्तुलातून एकाच बनावटीची काडतुसं भरपूर मारून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

हातातल्या जोराचा विषय निघालाच आहे तर स्लाइडबद्दल. बोअर, म्हणजे नळीचं भोक, लहान म्हणजे स्लाइड ओढायला सोपी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. जुन्या ब्लोबॅक पद्धतीत स्लाइड नळीला अडकलेली नसते. गोळी सुटेपर्यंत तिला मागे धरून ठेवायचं काम तिचं वजन आणि स्प्रिंगच करतात, त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते. वॉल्थर पीपीके या घराण्यातलं. पोलादी आणि वजनदार असूनही .३८० मध्ये त्याचा झटका टोचतो, त्यामागे हेच कारण. लॉक्ड ब्रीच पद्धतीत नळी आणि स्लाइड क्षणभर एकत्र मागे येतात, म्हणून स्प्रिंग हलकी चालते आणि झटकाही मऊ होतो. केल-टेकच्या पी-३२ मध्ये ही पद्धत दोनशे ग्रॅमपेक्षा कमी वजनात बसवली आहे. माझंही त्याच जातीचं. आणि ज्यांना कोणतीच स्लाइड ओढवत नाही त्यांच्यासाठी बेरेटाची वर उघडणाऱ्या नळीची पिस्तुलं आहेत; .३२ मधलं टॉमकॅट, .२२ मधलं बॉबकॅट. खटका दाबला की नळीचा मागचा भाग वर येतो, काडतूस थेट त्यात ठेवायचं आणि नळी बंद करायची. संधिवात असलेल्यांनी ते आधी हाताळून पाहावं.

बाळगण्याबद्दल. पिस्तूल कोणतं यावर लोक तासन्‌तास बोलतात, होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, मात्र उरल्यासुरल्या पैशात घेतात. खिशात पिस्तूल नुसतं टाकणं धोक्याचं आहे. खिशासाठीच्या होल्स्टरला तीन कामं जमली पाहिजेत: ट्रिगर पूर्ण झाकणं, मूठ कायम वर आणि एकाच कोनात ठेवणं, आणि पिस्तूल उपसताना स्वतः खिशातच राहणं. माझं पहिलं होल्स्टर गुळगुळीत कापडाचं होतं, ते पिस्तुलाबरोबरच बाहेर यायचं. आताच्याला बाहेरून रबरासारखा खरखरीत थर आहे आणि खिशाच्या कोपऱ्यात अडकणारा एक आकडा आहे. त्या खिशात दुसरं काहीही ठेवत नाही. किल्ली नाही, नाणं नाही, रुमालसुद्धा नाही. किल्लीचं टोक ट्रिगर गार्डमध्ये शिरायला एक क्षण पुरतो.

.३२ चं वजन आणि जाडी इतकी कमी आहे की पातळ कापडाच्या पँटमध्येही बाहेरून आकार उमटत नाही. होल्स्टरची खिशाबाहेरच्या बाजूची चपटी पट्टी त्यात मदत करते. बघणाऱ्याला ते पाकीट वाटतं. अडचण बसल्यावर येते. खुर्चीत, आणि त्याहून जास्त गाडीत पट्टा लावून बसलं की पुढच्या खिशातून पिस्तूल काढणं फार हळू होतं. यावर चांगला उपाय मला मिळालेला नाही. ज्यांचा बराच वेळ गाडी चालवण्यात जातो त्यांनी खिशाचा नाद सोडून कमरेच्या पट्ट्याचाच विचार करावा. पर्समध्ये ठेवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. पर्स हिसकावली जाते, खुर्चीला टांगून विसरली जाते, आणि पोरांचे हात सगळ्यात आधी पर्समध्येच जातात. पिस्तूल अंगावर तरी असावं नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही.

ट्रिगर लांब ओढीचा आहे आणि सुरुवातीला त्याचा कंटाळा यायचा. आता तो तसाच असावा असं वाटतं. खिशात बाळगायच्या पिस्तुलाला वेगळी सेफ्टी नसेल तर लांब, समान ओढीचा ट्रिगरच मोठं संरक्षण असतो. हलका, छोट्या ओढीचा ट्रिगर लक्ष्यावर सुखद लागतो, पण खिशात मला तो नको. माशी आणि मागची खाच दोन्ही इवलीशी, काळ्यावर काळी. समोरच्या माशीवर भडक नारिंगी रंगाचा ठिपका दिल्यापासून ती कमी उजेडातही पटकन सापडते. बिनगोळीचा सराव आठवड्यातून काही वेळा करते: काडतुसं दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, नळी भक्कम भिंतीकडे. .२२ वाल्यांनी आधी पिस्तुलाची पुस्तिका पाहावी. कडेवर आघात करणाऱ्या पिनला रिकामा आघात पुष्कळ पिस्तुलांत चालत नाही, तिथे खोटी काडतुसं वापरावी लागतात.

देखभाल मात्र अपेक्षेपेक्षा जास्त मागते. खिशातले तंतू नळीच्या तोंडात, हॅमरच्या फटीत, मॅगझिनच्या ओठांवर जमतात आणि तेलाला चिकटून त्यांचा लगदा होतो. एकही गोळी मारलेली नसली तरी दर आठवड्याला पिस्तूल उघडून पुसावं लागतं. तेल अगदी थोडं. उन्हाळ्यात घामाने स्लाइडच्या कडेला तांबूस ठिपके आले. तेव्हापासून रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसते, आणि पुढच्या वेळी गंजरोधक पोलादाचंच घेईन. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग लवकर थकते. स्लाइड पूर्ण पुढे जाऊन बसत नाही असं दिसलं की वाट न पाहता बदलावी, ती महाग नसते.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. रोज रात्री पिस्तूल रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये घातलं तर प्रत्येक वेळी गोळीचं टोक चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर आदळतं आणि गोळी हळूहळू काडतुसाच्या खोळीत आत दाबली जाते. आतली जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. त्यामुळे मी रात्री होल्स्टरसकट पिस्तूल भरलेलंच कुलपाच्या पेटीत ठेवते. सफाईसाठी काडतूस काढावंच लागलं तर नव्या काडतुसाशेजारी उभं करून उंची ताडून पाहते. किंचितही कमी दिसलं तर ते काडतूस बाद. उडवायलाही वापरत नाही.

.३८० कुणी घ्यावं? ज्यांचा हात मोठा आहे, पट्ट्यावर बाळगायची तयारी आहे आणि थोडं जास्त वजन चालतं, त्यांनी. ग्लॉक ४२ सारखं, रिकामं सुमारे चारशे ग्रॅमचं .३८० एका ओळखीच्या बाईंचं मी मारून पाहिलं. त्याचा झटका माझ्या छोट्या .३८० च्या मानाने कितीतरी सौम्य होता आणि तिन्ही बोटं मुठीवर बसत होती. पण तेवढ्या आकारापर्यंत गेलात तर शेजारी ९ मिलिमीटरचं एखादं बारीक पिस्तूलही हातात घेऊन बघा, कारण लांबी-रुंदीत दोघांत फारसा फरक उरलेला नाही. माझ्या खिशात तो आकार बसत नाही. माझं .३८० सध्या पेटीत आहे. त्याच्या मॅगझिनला करंगळीसाठी लांब तळ बसवून एकदा मारून पाहणार आहे. तरीही दुसरी गोळी भरकटत राहिली तर विकेन.