नाताळचा फराळ : घरी, वाट्याने की विकत?

चार माणसांचं घर, नाताळसाठी बाजूला काढलेले 3000 रुपये, आणि त्यातच फराळ, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा, कंदील, 25 तारखेचं जेवण. डिसेंबर लागला की वसईपासून वांद्र्यापर्यंत कितीतरी घरांत हाच हिशेब चालतो. यंदा तुमच्यावर ती वेळ आली असेल, तर नवे कपडे सरळ बाजूला ठेवा. गेल्या लग्नातला सदरा धुऊन, इस्त्री करून मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, चालतो. पैसा खातो तो फराळ, आणि त्याच्याच तीन वाटा आहेत : सगळं घरी करायचं, दोन-तीन घरांनी मिळून वाट्याने करायचं, की विकत आणायचं.

आधी घरचं पाहू. एक किलो मैद्याचे कुलकुल, म्हणजे तळलेले छोटे गोड शिंपले, करायला एका नारळाचं दूध, तीन-चार अंडी, पाव किलोच्या आत-बाहेर साखर आणि तळणाचं तेल लागतं. आजच्या भावाने सगळं मिळून 200 रुपयांच्या घरात जातं, आणि डबा भरतो दीड किलोचा. तेवढेच कुलकुल विकत घ्यायचे तर निदान दुप्पट पैसे मोजावे लागतात. त्यांत महाग असे जिन्नस काहीच नाहीत, पण वेळ भरपूर जातो. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची, अशा शेकडो. आमच्याकडे त्यासाठी एक पिवळा कोरा कंगवा आहे. तो केसांना कधी लागला नाही, वर्षभर फराळाच्या डब्यातच असतो. त्यावर वळलेल्या कुलकुलवर रेघा बारीक उठतात, आणि त्या रेघांत साखर छान धरते.

पेरूची वडीही घरीच करावी. डिसेंबरात पेरू भरपूर आणि स्वस्त असतो. शिजवून बिया गाळलेला गर, त्याच्या बरोबरीने साखर आणि लिंबाचा रस, बस. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा होईपर्यंत हलवत राहायचं आणि तूप लावलेल्या ताटात थापायचं. ही वडी हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते, म्हणजे नाताळच्या आठवडाभर आधीच हातावेगळी करता येते.

दोदोलचं, म्हणजे गूळ-नारळाच्या घोटलेल्या हलव्याचं, गणित मात्र उलटं आहे. माडाचा काळा गूळ महाग, नारळ बरेच, आणि दोन-तीन तास हात न थांबवता घोटायचं. एका घराने हे ओढू नये. बेबिंका ही थरांची मिठाईही तशीच : थरामागून थर भाजायचे, अंड्यांचे पिवळे बलक ढिगाने लागतात, आणि हिवाळ्यात अंडी आधीच चढलेली असतात. तंगीच्या वर्षी बेबिंका नसली तरी चालते, हे मी मनापासून सांगते. अगदीच जीव अडकला असेल तर छोटा तुकडा विकत आणा.

केकचा निर्णय ओव्हनवर ठरतो. ओव्हन नसेल तर प्रेशर कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी आणि रबर काढून, मंद आचेवर केक चांगला होतो. लोण्याऐवजी तेल घेतलं तर खर्च बराच उतरतो. सुक्या मेव्याच्या केकमध्ये तो फरक फारसा जाणवत नाही, साध्या केकमध्ये जाणवतो. काळसर रंग यायला फक्त साखर जाळायची. काजू कमी करून काळ्या मनुका आणि टुटीफ्रूटी वाढवली तरी केक भरलेला दिसतो. मेवा रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवता येतो, पण तो केक चार-पाच दिवसांतच संपवावा लागतो. रमचा केक कितीतरी जास्त टिकतो. 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत केक पुरवायचा असेल, तर रमवर खर्च करा आणि काजूंवर वाचवा.

आता वाट्याने. माझ्या मते हाच सर्वांत चांगला मार्ग, पण एका अटीवर. एका वर्षी आम्ही तिघी जावांनी जिन्नस वाटून घेतले : एकीने मैदा आणला, एकीने काजू, एकीने नारळ. फराळ झकास झाला, पण काजूवालीचे पैसे सगळ्यांत जास्त गेले आणि ते तिच्या मनात ईस्टरपर्यंत राहिलं. तेव्हापासून आम्ही वस्तू आणत नाही, पैसे समान काढतो, आणि एकच जण खरेदीची चिठ्ठी ठेवते. तीन घरांचा एकच घाणा चढला की तेल आणि गॅस दोन्ही वाचतात, आणि दोदोल घोटायला हात बदलता येतो. आई म्हणायची, दोदोलला तीन बायका आणि एक गप्पिष्ट म्हातारी लागते.

विकतचं कमी लेखू नका. विरारची लोकल धरून चर्चगेटला जाणारी, रात्री आठला घरी पोचणारी बाई कुलकुल कधी वळणार? तिने गल्लीत ऑर्डर घेणाऱ्या बाईकडून पाव-पाव किलो आणावं. फक्त चार प्रकारांऐवजी दोनच घ्यावेत.

कंदिलाला फार विचार लागत नाही. दिवाळीनंतर उरलेले चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील नोव्हेंबरात उतरत्या भावाने मिळतात, घरी लागतील ते तेव्हाच घेऊन ठेवा. स्वतः करायचा असेल तर दहा लांब कामट्या, मध्ये द्यायला पाच आखूड, आणि संक्रांतीसाठी बाजारात आलेला पतंगाचा कागद पुरे. सांगाडा वर्षानुवर्षं टिकतो. आत एलईडी दिवाच लावा, तापत नाही. गोठ्यासाठी प्लास्टिकचं गवत आणू नका. 13-14 तारखेला ताटलीत माती घालून नाचणी पेरा आणि रोज पाणी शिंपडा, नाताळपर्यंत बोटभर हिरवं कुरण उभं राहतं.

जेवणात मटण की सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण, असा प्रश्न असेल तर सोरपोतेल. डुकराचं मांस मटणापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि शिरक्यामुळे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त लागतं. एकच पातेलं 25, 26 आणि 27 तारखेला पाहुण्यांना पुरतं.

कात्री प्रकारांच्या संख्येला लावा, शेजारी जाणाऱ्या ताटांना नको. आठ पदार्थांची चार ताटं देण्यापेक्षा कुलकुल, वडी आणि केकची एकेक फोड अशी दहा ताटं जाऊ द्या. ज्या घरात वर्षभरात मयत झालेली असते, तिथे सुतकामुळे फराळ होत नाही. आमच्याकडे पहिलं ताट तिकडे जातं, झाकायला धुतलेला पांढरा रुमाल घालून.