एसी पॉवरहेड की डीसी वेव्हमेकर? नागपुरातल्या खाऱ्या टँकवाल्यांसाठी

समुद्री माशांच्या टँकच्या आत पाणी फिरवायला जे पंप लावतात, त्यातला थेट घरच्या विजेवर (एसी) चालणारा तो पॉवरहेड, आणि अडॅप्टर-कंट्रोलर लावून डीसीवर चालणारा, स्पीड बदलता येणारा तो वेव्हमेकर. दोन्ही वापरून झालेत माझे. चार फुटी टँक, अडीचशे लिटरच्या आसपास, बहुतेक सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि क्लाउन माशांची एक जोडी. म्हणजे खाली जे लिहितोय ते माझ्या हॉलमधलं आहे, तुमच्याकडे वेगळं होऊ शकतं.

सगळा फ्लो रिटर्न पंपातूनच (फिल्टरच्या टाकीतलं पाणी परत टँकमध्ये आणतो तो) काढू म्हणत असाल तर त्या भानगडीत पडू नका. रिटर्नने तासाला टँकच्या तीन ते पाच पट पाणी फिरलं तरी भागतं, सॉफ्ट कोरलला दहा-वीस पट लागतं आणि एसपीएस (बारीक पॉलिपचे कडक कोरल) ठेवणार असाल तर त्याच्याही बरंच वर, ते टँकच्या आतच करावं लागतं.

एसीवाला स्वस्त आणि दणकट. मी दोन लावले होते, दोन टोकांना, धार एकमेकांवर आपटेल असे. समोर आलेला कोरल मिटून बसतो, वाळूत खड्डा पडतो, पण पंपाचं तोंड थोडं काचेकडे वळवलं की तेही जमतं. वर्षभर माझी काहीच तक्रार नव्हती खरं तर.

मग मे आला. आपल्याकडे मेमध्ये काय होतं सांगायला नको, पारा ४५ च्या वर आणि लाईन येऊन-जाऊन राहिली. एका रात्री तीन-चार वेळा गेली, आम्ही सगळे हॉलमध्येच कूलरसमोर झोपलेलो, सकाळी बघतो तर एक पंप नुसता घुर्रर्र करून राहिला होता, पंखा फिरतच नाही, हात लावला तर बॉडी गरम, आणि दोन्ही क्लाउन वर येऊन तोंड उघडझाप करत होते. शाफ्टवर कॅल्शियमचा थर बसला होता. हा थर फसवा असतो, पंप चालू असेपर्यंत काही कळत नाही, एकदा थांबला की परत उचलत नाही. आणि गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, खाऱ्यात आणखी कमी, वरचं पाणी हललं नाही की काम संपलं. (टँकवर पंखा लावून पाणी थंड करणाऱ्यांनो, त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा उपयोग निम्मासुद्धा राहत नाही.) घरच्या इन्व्हर्टरवरही लावून बघितलं, माझा स्क्वेअर वेव्हवाला आहे, त्यावर पंप अख्खी रात्र गुणगुणत होता.

डीसीवाला महाग आहे, सरळ सांगतो, आणि त्याचा कंट्रोलर टँकच्या कडेला ठेवला तर मीठ चढून खराब होतो. थर त्याच्यावरही बसतो, महिन्या-दोन महिन्यांनी व्हिनेगरच्या पाण्यात काढावाच लागतो. पण बॅटरी बॅकअप लावला की लाईन गेली तरी तो थांबतच नाही, कमी स्पीडवर रात्र निघते माझी. थांबलाच नाही तर परत सुरू व्हायचा प्रश्नच नाही ना. माझा २४ व्होल्टचा आहे, म्हणून १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, तुमच्या अडॅप्टरवर काय लिहिलंय ते बघून घ्या. घेताना दुकानदाराला एकच विचारा, लाईन आल्यावर सेटिंग लक्षात ठेवतो की फुल स्पीडवर सुरू होतो? फुलवर गेला तर सकाळी अर्धी वाळू खडकांवर दिसेल.

ज्यांच्याकडे लाईन जातच नाही त्यांनी एसी घ्यावा, पैसे वाचतील. माझे दोन्ही एसीवाले अजून चालू आहेत, बाल्कनीतल्या ड्रममध्ये मीठ ढवळतात.