सोलमधे भर उन्हाळ्यात उकळतं कोंबडीचं सूप

जुलैमधे सोलला गेलो आणि पोचलो त्याच दिवशी नेमका चोबोक निघाला. कोरियन लोक उन्हाळ्यातले तीन दिवस सगळ्यात तापलेले मानतात, चोबोक, जुंगबोक आणि मालबोक, त्यातला हा पहिला, आणि या दिवशी काय करायचं तर उकळतं कोंबडीचं सूप प्यायचं! सामग्येतांग म्हणतात त्याला. गरमीला गरमीनेच मारायचं असा हिशोब आहे त्यांचा. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास गटारी, चिकनच्या दुकानापुढे तश्शीच रांग, त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

ग्योंगबोकगुंग राजवाड्याजवळच्या फेमस ठिकाणी एवढी रांग होती की आम्ही सरळ मागच्या गल्लीत घुसलो. तिथे जुन्या कौलारू घरात सात-आठ टेबलांचं छोटंसं हॉटेल मिळालं. चपला बाहेर, बुटकं टेबल, मांडी घालून बसायचं. आपल्याला काय प्रॉब्लेम, शेजारचं गोरं कपल मात्र दर दोन मिनिटांनी पाय बदलत होतं.

काळ्या मातीच्या भांड्यात बुडबुडे येत असलेलं पांढुरकं सूप येतं, आत अख्खी कोवळी कोंबडी, पोटात चिकट तांदूळ, लसूण, जिनसेंग नावाच्या औषधी वनस्पतीचं मूळ आणि एक लाल सुकं बोर. पहिला घोट घेतला आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो, कारण मीठच नाही! बायको म्हणाली हे आजारी माणसाला देतात ना तसलं काहीतरी आहे. तेवढ्यात वाढणाऱ्या बाई आल्या (कोरियात त्यांना इमो अशी हाक मारतात, म्हणजे चक्क मावशी) आणि मीठ-मिरीची बशी पुढे सरकवून खुणेने दाखवलं, सुपात आपल्या अंदाजाने टाका आणि चिकन त्यात बुडवून खा. मग खरी मजा आली. चॉपस्टिक नुसती लावली तरी मांस हाडावरून सुटतं आणि आतला भात रस पिऊन पिऊन आपल्या गुरगुट्या भातासारखा झालेला असतो, तो रश्श्यात मोडून खाल्ला की बास. जिनसेंग कडवट, मातकट लागतं, मला आवडलं, बायकोने तिचं माझ्या भांड्यात टाकलं. सोबत मुळ्याच्या फोडींची किमची (कोरियन आंबवलेलं तिखट लोणचं), काकदुगी नावाची, ती नसती तर मराठी जीभ अर्ध्यात बंड करून उठली असती, तीन वेळा मागितली, तीनदा फुकट आली. जिनसेंगच्या दारूचा एक चिमुकला ग्लासही मिळाला, शेजारच्या आजोबांनी त्यांचा थेट सुपात ओतला.

तक्रार एकच, दोघांत एक घेऊ म्हटलं तर चालत नाही, माणशी एक घ्यावंच लागतं आणि ते संपता संपत नाही. एकाचे अठरा हजार वॉन, म्हणजे आपले हजार-अकराशे. टिप द्यायची नसते.

मेन्यूत काळ्या कोंबडीचंही होतं, आपल्या कडकनाथसारखी दिसते ती. म्हटलं जुंगबोकला येऊन ते खाऊ. तर जुंगबोक दहा दिवसांनी आणि आमची फ्लाइट नवव्या दिवशी.