मोबाईल टॉवरच्या जुन्या बॅटऱ्या घेणारांनो, माझे 1,48,200 गेलेत, आधी हे वाचा

सेलूजवळ आमचं गाव, माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आयटीआय करून सोळा वर्षं झाली. तरी फसलो. घरात सांगायची लाज वाटते म्हणून इथं लिहितोय.

टॉवर 48 व्होल्टवर चालतो, माझा सोलर इन्व्हर्टरही 48 चा, म्हणून टॉवरवरून उतरवलेल्या 2 व्होल्टच्या 24 सेल, 400 एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या, घ्यायचं ठरवलं. विकणारा मेव्हण्याच्या ओळखीतला, गोडाऊन संभाजीनगरला. सेल 5,500 ला एक म्हणजे 1,32,000, लाईटवर चार्जिंगसाठी टॉवरचाच एसएमपीएस (लाईटचा एसी करंट डीसी करून बॅटरी चार्ज करणारा डबा) 9,500, टेम्पो 6,700. नवीन घ्यायची ऐपत असती तर कशाला गेलो असतो? एप्रिलचं ऊन, रात्री लाईट नाही, आईला दमा, नेब्युलायझर बंद पडला की जीव टांगणीला.

त्यानं मीटर लावून दाखवला, प्रत्येक सेल 2.1 च्या वर. मी म्हणलं लोड टाकून दाखवा. तर म्हणे भाऊ लोड टेस्टर दुरुस्तीला दिलाय, आणि चहा मागवला. तिथंच उठायला पाहिजे होतं!! मेलेली सेलसुद्धा नुसत्या चार्जवर व्होल्टेज दाखवते हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. वरून प्रत्येक सेलवर 2021 चं कोरं पांढरं स्टिकर, बाकी डबा धुळीनं काळा, दोनतीन सेल बाजूनं फुगलेल्या. स्टिकरच्या कडेला मी नख लावलं होतं, तो म्हणाला वॉरंटी जाईल, आणि मी हात मागं घेतला. वॉरंटी कशाची, बिलच नव्हतं! पण मेव्हण्याच्या ओळखीचा माणूस समोर असताना कसं बोलणार.

घरी पंखे, फ्रीज, लाईट मिळून 600 वॅटचा लोड. निम्मी ताकद असती तरी रात्र निघाली असती, इन्व्हर्टर 40 मिनिटांत बंद. लोड चालू असताना एकेक सेल मोजली तर सात सेल दीड व्होल्टच्या खाली. स्टिकर काढलं, खाली 2014 छापलेलं. फोन लावला, दोन दिवस उद्या-उद्या, मग नंबर बंद.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठंय, टॉवरच्या बॅटऱ्या चोरीच्या असतात, चोरीचा माल घेणंही गुन्हा आहे. म्हणजे मीच चोर! मग म्हणे व्यवहार संभाजीनगरला झाला, तिकडं जा. तिकडं गेलो, 120 किलोमीटरच्या वर, तर म्हणे तुमच्या हद्दीत द्या. अरे नवीन कायद्यात कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो ना? हे मी बोललो तर साहेब म्हणाले कायदा शिकवू नको. तीन चकरा, तीन दिवस दुकान बंद, हातात साधी पोच नाही. आगाऊचे 20,000 फोनवरून गेले तेवढाच पुरावा, बाकी रोख. ऑनलाईन पैसे गेले तर त्याच तासाला 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा, मी आठ दिवस लाजत बसलो.

भंगारवालाही बिल मागतोय, शिसं असूनही घेईना.

बिलाशिवाय हात लावू नका. लोडवर किमान दोन तास चालवून प्रत्येक सेल वेगळी मोजा. टॉवरला बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थिंगला जोडलेलं असतं, एसएमपीएस जोडण्याआधी तेही बघा. ओळखीचा आहे म्हणून रोख देऊ नका.

काल तेच गोडाऊन, तेच पांढरं स्टिकर, नवीन नंबरवरून आमच्या शेतकरी ग्रुपवर परत फिरतंय. परभणी, जालना, बीडवाल्यांनो, कुणी आगाऊ दिले असतील तर आत्ताच मला सांगा.